पंढरीने बदललेला पंखा

रामनगर, डोंबिवली (पूर्व)
रविवार, २१ नोव्हेंबर १९९९

प्रिय उत्तरा,

आज सकाळी साडेनऊला घराबाहेर पडलो. पूल ओलांडून पश्चिमेला गेलो, तिथे अर्धा तास होतो, मग परत आलो. येताना मोठं पाकीट आणि फुलस्केप कागद घेतले. दुपारी वरणभात केला. भात खाली लागला, तो खरवडून खाल्ला. भांडी घासली. तुझं पत्र पुन्हा एकदा वाचलं आणि लिहायला बसलो. आता चार वाजले आहेत.

तुझं पत्र सोमवारी आलं. ठाण्याच्या ग्राहक मंचाकडे द्यायच्या तक्रारीचा कागदही त्यात होता. खाली माझ्या नावाशी तू पेन्सिलीने फुली करून ठेवली आहेस, म्हणजे मी सही भलतीकडे करू नये. पश्चिमेच्या दुरुस्तीवाल्या पंढरीला लॅपटॉपमधला बिघाड सापडला नाही, चांगला पंखा त्याने उगाच बदलला, तुझ्या आईला तीनदा दोन जिने चढायला लावलं आणि तिसऱ्या वेळी ती त्याच जिन्यावर कोसळली, असं तू लिहिलं आहेस. तारखा मी तपासल्या, त्या बरोबर आहेत. सही करून लगेच पाठवा, असं तू शेवटी म्हटलं आहेस. मी सही केलेली नाही. का केली नाही ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. मला लिहिण्याची सवय नाही, तुला माहीत आहे. प्रयोगशाळेत जसं घडलं तसं ओळीने उतरवायचो, तसंच लिहितो. मध्येच वाचणं सोडू नकोस, एवढंच सांगणं आहे.

घरी कोण येतं जातं, असं तू विचारलं आहेस. तेराव्यापर्यंत पुष्कळ लोक आले. आता कोणी येत नाही आणि तेच बरं आहे. आलेला प्रत्येक माणूस म्हणायचा, किती समाधानाचा संसार होता. शेजारच्या गोदाताई तर चार बायकांसमोर म्हणाल्या, "भाऊजी कसे शांत! चोवीस वर्षांत वहिनींना एका शब्दाने बोलले नाहीत." बायकांनी माना डोलावल्या. मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो तो उठलो. मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो. त्यांना वाटलं मी रडून आलो. फक्त तुझी आजी काही बोलली नव्हती. चेंदणीहून आल्यापासून ती भिंतीला टेकून बसली होती. जाताना दारात थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी पोर वझं वाहून मेली." खरं असं तेवढं एकच वाक्य त्या तेरा दिवसांत कोणी बोललं.

तुझ्या आईचं टायपिंग मी यंदा पहिल्यांदा पाहिलं. तशी मला माहिती होती. लग्नापूर्वी ती ठाण्याला एका कचेरीत मराठी टायपिस्ट होती. कोळीवाड्यातली टायपिंगची परीक्षा पास झालेली ती पहिली मुलगी, हे तिचे वडील धाकूमामा भेटेल त्याला सांगत. पण मी मोहन्याच्या कारखान्यात सकाळी जायचो आणि संध्याकाळी यायचो, घरातली दुपार मला कधी दिसलीच नव्हती. गेल्या दिवाळीत तू बंगलोरहून तो जुना लॅपटॉप आणलास आणि तिला छापखान्याचं काम मिळायला लागलं. मार्चमध्ये मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरी बसलो. मग रोज दिसायला लागलं. दोन वाजले की ती जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू पुसून घ्यायची, त्यावर मशीन ठेवायची आणि पाचपर्यंत उठायची नाही. बोटांकडे बघायची नाही. कागदावर नजर, आणि हात आपले चाललेले. मी पलीकडच्या खोलीत पेपर वाचत पडलेला असायचो. तो टपटप आवाज ऐकून मला वाटायचं, हिला एवढं काय बोलायचं असतं?

मे महिन्यात तू आठ दिवस आलीस. जाताना रिक्षात बॅग ठेवून तू मला म्हणालीस, "बाबा, आईशी जरा बोलत जा." मी बरं म्हटलं. तू ते सहज म्हटलं असशील. मी मात्र ते घेऊन बसलो. ही मुलगी असं आपल्या मनाने म्हणणार नाही, तिला कोणीतरी काहीतरी कळवलेलं आहे, असं माझ्या डोक्यात आलं. तुला जाणारी पत्रंही ती मशीनवरच टाइप करायची, छापखान्यात छापून घ्यायची आणि येता येता पोस्टात टाकायची. मी पाचला फिरून घरात पाऊल टाकलं की ती झाकण खाली करायची. रोज. मला वाटायला लागलं की त्या झाकणाखाली माझ्याविषयी लिहिलेलं आहे. दुसरा कोणताही संशय माझ्या मनात नव्हता. ती तसली बाई नव्हती आणि तसं मनात आणण्याइतका मीही खाली गेलेलो नव्हतो. मला एवढंच कळून घ्यायचं होतं की ती माझ्याविषयी तुला काय सांगते. सरळ विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर ती हसली असती, म्हणाली असती, काहीतरीच तुमचं. मी विचारलं नाही. त्याऐवजी काय केलं ते पुढे लिहितो.

बाळ तुला आठवत असेल. आमच्या कारखान्यात उपकरणं दुरुस्त करायचा, माझ्याआधी दोन वर्षं बाहेर पडला. आता कल्याणला कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. क्लासमधली मुलं अभ्यास सोडून खेळ खेळतात, म्हणून त्याने एका ओळखीच्या माणसाकडून एक प्रोग्राम लिहून घेतला होता. मशीन सुरू झालं की तो आपोआप सुरू होतो, पडद्यावर कुठे दिसत नाही, आणि जे जे बटण दाबलं जाईल ते एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. हे त्याने मला कौतुकाने सांगितलं होतं. जूनमध्ये मी त्याच्याकडे गेलो आणि तो प्रोग्राम मागितला. भाचे घरी येऊन मशीनशी खेळतात, असं कारण सांगितलं. बाळ हसला. म्हणाला, "भाचे की वहिनी? अरे विश्राम, या वयात?" त्याचं ते हसणं ऐकूनही मी फ्लॉपी खिशात घातली. "नाव असं दिलंय की कुणाला शंका येणार नाही," तो म्हणाला. नाव होतं केबीडी थर्टीटू. बुधवारी ती चेंदणीला आईकडे गेली तेव्हा मी तो मशीनमध्ये टाकला. दहा मिनिटंही लागली नाहीत.

दर बुधवारी ती आईला भेटायला जायची. दर बुधवारी मी दाराची कडी लावून ती फाइल उघडायचो. मला काहीच वाचता येत नव्हतं. पानांमागून पानं नुसती इंग्रजी अक्षरं, पण शब्द म्हणावा असा एकही नाही. मध्येच कंस, मध्येच टक्क्याची खूण, मध्येच आकडे. पडद्यावर तर मी तिचं मराठी स्वच्छ पाहिलेलं होतं. मराठी टाइप केलं की आत मराठीच जातं, अशी माझी समजूत. आत सगळी इंग्रजीच बटणं असतात आणि वरून फक्त मराठी अक्षरांचा फाँट चढवलेला असतो, हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मी काय ठरवलं असेल? ही सांकेतिक भाषेत लिहिते. तुम्हा दोघींनी मिळून ती ठरवली आहे. आज हे लिहिताना पेन खाली ठेवावंसं वाटतं, पण तेव्हा मी एक वही केली. नमुन्याचं पृथक्करण करावं तसं कोणतं अक्षर किती वेळा येतं याचे तक्ते केले. दोनदा आलेल्या अक्षरांच्या जोड्या लाल शाईने लिहिल्या. संध्याकाळी ती बोंबील नाहीतर निवट्या घेऊन यायची, मला आवडतात म्हणून, आणि मी वही गादीखाली सारून ताटावर बसायचो.

मशीन गरम व्हायला लागलं ते तेव्हापासून. पंखा घोंगावायचा तो थांबायचाच नाही. तिने दोन स्टीलच्या वाट्या उलट्या मांडून त्यांवर मशीन ठेवलं, खालून वारा जावा म्हणून. टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागायचा आणि ती थांबून वाट पाहायची. एकदा तिने माझा हात धरून मशीनच्या पाठीवर ठेवला. "अहो, बघा ना, ताप आल्यासारखं लागतंय." मी म्हटलं, या दिवसांत सगळंच तापतं.

ऑगस्टमधला तो फोन तुला आठवतो का? तू तिला एसटीडीवरून सांगत होतीस की तीन बटणं एकदम दाब आणि जी यादी येईल ती मला वाचून दाखव. ती एकेक नाव चष्मा सावरून वाचत होती. केबीडी थर्टीटूपाशी तू थांबवलंस आणि विचारलंस, हे काय आहे? ती माझ्याकडे वळली. "अहो, हे काय असतं?" मी दारात उभा होतो. म्हटलं, ते कीबोर्डचं असेल, काढू नको, टायपिंग बंद पडेल. तिने तुला तसंच सांगितलं. बाबा म्हणतायत तर राहू दे, असं तू म्हणालीस. तू योग्य ठिकाणी बोट ठेवलं होतंस, उत्तरा. दोन महिने आधी. मी ते बाजूला केलं. तुझ्या तक्रारीत 'बिघाड शोधण्यात अक्षम्य हलगर्जी' असे शब्द आहेत. ते वाचताना मला पंढरी दिसला नाही, त्या दारात उभा असलेला मी दिसलो.

त्यानंतर सप्टेंबरमध्ये ती पहिल्यांदा पंढरीकडे गेली. त्याने मशीन उघडून धूळ साफ केली. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा तिच्याबरोबर मीही गेलो होतो. पंढरी म्हणाला, पंखा बदलून बघू. मग मला विचारलं, "काका, एवढ्यात नवीन काही टाकलंय का मशीनमध्ये?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग नाहीतर सगळं पुसून पहिल्यापासून भरून देतो, फॉरमॅट मारतो. त्याने तसं केलं असतं तर तो प्रोग्राम तिथेच गेला असता आणि पुढचं काही झालं नसतं. मी घाईघाईने नको म्हटलं. तिचं मॅटर जाईल, असं कारण दिलं. तिला माझं बोलणं बरं वाटलं. जिना उतरताना म्हणाली, "बरं झालं तुम्ही होतात, मला सुचलं नसतं." खरं कारण हे की पुसलं असतं तर माझी फाइल गेली असती. ती फाइल तेव्हा चार महिन्यांची होत आली होती आणि मला अजून तिच्यातला एक शब्द लागला नव्हता. आणखी एक आठवडा, असं मी दर आठवड्याला म्हणत होतो.

त्यात एका मंडळाचा दिवाळी अंक टाइप करायला तिच्याकडे होता. ऑक्टोबर लागला आणि मशीन अर्ध्या तासाने आपलं आपण बंद पडायला लागलं. लिहिलेलं जायचं, ती पुन्हा टाइप करायची. सात तारखेला गुरुवारी सकाळी म्हणाली, मी पुन्हा दाखवून आणते. मी येतो म्हटलं नाही. पेपर वाचत होतो. ते साडेतीन-चार किलोचं मशीन, चार्जर, कागद, सगळं त्या निळ्या पिशवीत घालून ती उन्हातून गेली. पुलावर चढली, उतरली, मग त्याचे दोन जिने. साडेअकराला पंढरीचा फोन आला. रुग्णालयात नेईपर्यंत संपलं होतं. पुढचं तुला माहीत आहे.

तेरावं झाल्यावर तीन दिवसांनी पंढरी स्वतः घरी आला. मशीन त्याच्याकडेच राहिलं होतं, ते द्यायला. चपला काढून दारातच उभा होता. मग म्हणाला, काका, मला एकदा नीट बघू द्या, माझ्या मनातून जात नाही. टेबलाशी बसला. त्याने पडद्यावर एक आलेख आणला. प्रोसेसर किती कामात आहे ते त्यावर दिसतं, म्हणाला. एकही काम उघडलेलं नव्हतं आणि आलेखाची रेघ वरच्या कडेला चिकटलेली होती. आमच्याकडे भट्टीचा पारा असा चिकटला की घंटा वाजायची. मग त्याने यादी काढली आणि एकेक प्रोग्राम बंद करून दर वेळी आलेख बघत गेला. केबीडी थर्टीटू बंद केला आणि रेघ खाली पडली. थोड्या वेळाने पंखाही थांबला. खोलीत एकदम शांत झालं. पंढरी म्हणाला, "हा बघा. हा क्षणभर दम खात नाही. बटण दाबलं का, बटण दाबलं का, एवढंच सेकंदाला हजारदा विचारत बसतो. प्रोसेसर बिचारा त्याला उत्तरं देऊन दमतो." त्याने विचारलं, हा कुणी टाकला? मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "गिऱ्हाइकाच्या फ्लॉपीतून आला असेल. काकू घेत होत्या ना सगळ्यांच्या फ्लॉप्या." मी म्हटलं, असेल.

ती मरून सोळा दिवस झाले होते आणि मी तिच्यावर ढकललं.

पंढरीला ती फाइल सापडली. त्याने उघडली, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, काका, हे मराठीच आहे. त्याने सगळा मजकूर निवडला, वरचा फाँट बदलला आणि पडदाभर मराठी उभं राहिलं. माझ्या वहीतले चार महिन्यांचे तक्ते, आणि त्याला लागलं एक बटण. त्याने पहिली ओळ मोठ्याने वाचली, "चि. उत्तरा हिस अनेक आशीर्वाद." आणि तो खुर्चीवरून उठलाच. म्हणाला, "हे घरचं आहे. तुम्ही बघा." जाताना एवढंच सांगितलं की मध्येमध्ये ज्या खुणा दिसतात ती खोडलेली अक्षरं आहेत. हा प्रोग्राम माणसाने खोडलेलंही ठेवतो.

ते सगळं मी वाचलं. पंधरा दिवस लागले. बहुतेक छापखान्याचं मॅटर आहे. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकातल्या कथा. मध्ये तुझी पत्रं, एकूण अकरा. ती तुझ्याकडे आहेतच. माझ्याविषयी त्यांत जेमतेम चार-पाच ओळी आहेत. ह्यांची तब्येत बरी आहे. ह्यांनी पायरीवर बोगनवेल लावली. हे पाचला फिरून येतात तेव्हा मी काम बंद करते, चहाची वेळ. ती झाकण लावून चहा करायला उठत होती. एवढंच होतं.

पण खोडलेलं तुझ्याकडे नाही. ते फक्त माझ्याकडे आहे. तिने तुझ्यापासून लपवून ठेवलेलं मी तुला सांगावं का, याचा मी पुष्कळ विचार केला. एकदा चोरलेलं पुन्हा वाटून टाकावं तसं वाटत होतं. पण तू पत्रात लिहिलं आहेस, 'मी आईला फोनवर तब्येतीचं नीट विचारलं असतं तर.' म्हणून सांगतो. चौदा ऑगस्टच्या पत्रात तिने लिहिलं होतं, "जिना चढताना डावा हात जड होतो, छातीत दाबल्यासारखं वाटतं." ते सगळं खोडून तिथे "इकडे सर्व ठीक" असं लिहिलं. नऊ सप्टेंबरला पुन्हा तेच, "परवा पुलावर बसावं लागलं." तेही खोडलं. आणि त्याच्याच खाली, "ह्यांना सांगावंसं वाटतं, पण हे ऐकत असतात की नाही तेच कळत नाही." ते खोडलं, आणि त्याजागी काहीच लिहिलं नाही. तू विचारलं असतंस तरी तिने तुला सांगितलं नसतं. तू स्वतःला लावून घेऊ नकोस. पंधरा सप्टेंबरच्या बुधवारी ही ओळ माझ्या वहीत उतरवलेली आहे, इंग्रजी अक्षरांत. तीत एक अक्षर सहा वेळा आलं आहे, असा शेरा मी बाजूला लाल शाईने लिहिला होता.

वही मी फाडायला घेतली होती. फाडली नाही. माझं काय झालं होतं ते मला विसरता येऊ नये. स्वतःच्या हातांची मला किळस येते. जेवताना येते. लोक शांत म्हणतात ती शांतता नव्हती, दाराला कडी लावून बसणं होतं, हे मला आता कळतं आणि त्याचा काही उपयोग नाही. मशीन टेबलावर आहे. परवा सुरू करून पाहिलं. मुळीच तापत नाही. दोन तास चालू ठेवलं, हात लावला तर गार. मला ते बघवेना.

आज सकाळी पंढरीकडे गेलो होतो. तो जिना मी एकट्याने प्रथमच चढलो. तो एका सर्किटला डाग देत, सोल्डरिंग करत बसला होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. प्रोग्राम मी टाकला, फॉरमॅट मी नको म्हटलं, त्याने विचारलं तेव्हा दोन्ही वेळा खोटं बोललो. त्याने डाग द्यायची कांडी स्टँडवर ठेवली. मग म्हणाला, "काका, त्या दिवशी काकू वर आल्या नव्हत्या अजून. मी वरून बघितलं पिशवी घेऊन येताना, आणि जिन्यातून ओरडलो. रोज रोज काय घेऊन येता, म्हटलं, मला दुसरी कामं नाहीत का? त्या वर बघून हसल्या, आणि दोन पायऱ्या चढून खाली बसल्या. दीड महिना मी ते घेऊन झोपतोय. माझ्या ओरडण्याने झालं म्हणून. उत्तराताई फोनवर म्हणाल्या, माझ्या आईला तुम्ही मारलंत. मी गप्प राहिलो, कारण मला वाटलं, खरंच आहे. आणि तुम्ही आज सांगताय." मला बसायला त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी बसलो नसतो. शेवटी म्हणाला, जा आता, गिऱ्हाइकं येतील. क्षमा वगैरे तो काही बोलला नाही. मागायला मी गेलोही नव्हतो.

हे पत्र मी माझ्या मनावरचं ओझं उतरवायला लिहिलेलं नाही. ते उतरणार नाही आणि उतरू नये. तू त्याला जे बोललीस ते परत घ्यावंस म्हणून लिहिलं आहे. ते माझ्या हातात नाही, तुझ्याच तोंडून त्याने ऐकायला हवं. तक्रारीचा कागद तसाच परत पाठवतो आहे. सोबत दुसरा फुलस्केप आहे. त्यावर मी काय काय केलं ते तारखांसह माझ्या अक्षरात लिहून खाली सही केली आहे. तो तू ठेव, फाड, नाहीतर कोणाला दाखवायचा त्याला दाखव. तिने टाइप केलेलं सगळं फ्लॉप्यांवर उतरवून देतो, तिने ठेवलं तसं, खोडलेलं वगळून. पंढरीच्या दुकानाचा नंबर तुझ्याकडे आहे, तो दहानंतर असतो. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल. त्याला मात्र उद्याच फोन कर.

अंधार पडला. उद्यासाठी मटकी भिजत घालायची आहे. एका माणसाला किती घालायची याचा अजून अंदाज येत नाही. मूठभर घेतो, निवडतो आणि घालतो.

तुझाच,
बाबा